गाडी स्टँडवरच का अडखळते

“घाटात पळतीया आनि स्टँडात मरतीया. हे कसं काय, ते तू सांग,” रंगरावमामा म्हणाले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवून स्वतः कॉटवर जाऊन बसले.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल एसटी मलकापूर स्टँडच्या तोंडाशी उभी होती. समोर पन्नास-साठ माणसं, टोपल्या, पिशव्या, खासगी प्रवासी भरणाऱ्या दोन वडापच्या जीपा. मामांनी गेमसाठी खास चाक घेतलं होतं, टेबलाच्या कडेला स्क्रूने घट्ट आवळलेलं. मी ते हातात घेतलं आणि गाडी जरा पुढे घेतली. लगेच चित्र अडखळायला लागलं. गाडी एका जागी दिसायची आणि पुढच्या क्षणी एकदम दोन हात पुढे. मधलं काहीच दिसत नव्हतं.

“थांब, थांब! माणूस हाय!” मामा कॉटवरून ओरडले.

मी ब्रेक दाबला. टोपलीवाली एक बाई बंपरपासून वीतभर लांब उभी होती.

“काल माझ्या हातनं हिलाच धक्का बसला,” ते म्हणाले.

मला हसू आलं. “मामा, गेममधली बाई आहे ती. परत चालू केलं की परत उभी राहते.”

“तुला हसायला काय जातंय?”

स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला. “काल रातच्याला जेवलं न्हाईत. भाकरी तशीच ऱ्हायली.”

मग मात्र माझं हसू गेलं. भिंतीवर मामांचा बिल्ला फ्रेम करून लावलेला होता, विनाअपघात सेवेचा. एकतीस वर्षं कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावर आंबा घाट चढून-उतरून या माणसाने कुणाला ओरखडा येऊ दिला नव्हता.

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. शाहूपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, आजही आहे. त्या वेळी मी बत्तीस वर्षांची होते आणि कोल्हापुरात माझ्याइतकं कॉम्प्युटरमधलं कुणाला कळत नाही असं माझं ठाम मत होतं. ते मी कुणी न विचारताही सांगायची.

रंगराव शिंगटे माझे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या मुलीसाठी, संजीवनीसाठी, मी हा कॉम्प्युटर त्याच्याही सात वर्षं आधी जोडून दिला होता. ती इंजिनिअरिंगला होती आणि माझं दुकान नुकतंच उघडलेलं. एकेक भाग निवडून, सगळा स्वतःच्या हातानं जोडलेला माझा तो पहिला कॉम्प्युटर. त्याचा फोटो दुकानात गणपतीच्या शेजारी लावला होता, एवढं सांगितलं तरी पुरे. पुढं संजीवनी नोकरीला हैदराबादला गेली आणि कॉम्प्युटर मामांकडे राहिला.

मामांना निवृत्तीच्या आधी तीन वर्षं चाकावरून उतरवलं होतं. एका डोळ्याला कडेचं दिसेना. रत्नागिरीची फेरी करून ते एका साध्या मंगळवारी डेपोत आले, तर तपासणीचा कागद येऊन पडलेला. पुढचे दिवस त्यांनी स्टोअरमध्ये नटबोल्टची नोंद ठेवण्यात काढले. ड्रायव्हर निवृत्त होतो त्या दिवशी त्याच्या गाडीला हार घालतात, फुगे बांधतात, कंडक्टर प्रवाशांना पेढे वाटतो. मामांची शेवटची फेरी होऊन गेली तेव्हा ती शेवटची आहे हे खुद्द त्यांनाच माहीत नव्हतं.

मग कुणीतरी एका हौशी माणसानं बस चालवायच्या एका गेमसाठी कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता जसाच्या तसा बनवला. बांबवडे, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, सगळं. संजीवनीनं तो वडिलांच्या कॉम्प्युटरवर घालून दिला. मामांनी एकच बेत धरला. त्यांचा जोडीदार कंडक्टर हणमंत पाचंगे एकतीस मेला निवृत्त होणार होता. एक जूनला सकाळी त्याला घरी बोलवायचं आणि सव्वादहाची रत्नागिरी दोघांनी मिळून न्यायची. राहिलेली शेवटची फेरी पुरी करायची.

त्यासाठीच संजीवनीनं नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरवलं आणि मला फोन केला. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरचं चित्र रंगवणारा भाग. मी त्या वेळी एका लॅपटॉपच्या पोटात हात घालून बसले होते. फोन खांद्याला लावून म्हणाले, “सगळ्यात मोठं घे. डोळे झाकून घे.” तिनं घेतलं. मी ते बसवलं. घाटात गाडी लोण्यासारखी चालायला लागली आणि स्टँडात पहिल्यासारखीच अडत राहिली.

“मास्तरसमोर माझ्या हातनं माणूस चेंगरलं तर?” मामा मला म्हणाले. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. “खोटं असंना का. त्यो बघणार की.”

त्या दिवशी तारीख होती सत्तावीस मे.

“एक जूनच्या आत सरळ करून देते. माझा शब्द,” मी म्हणाले.

आता मला खरंच उत्सुकता लागली होती, कारण गोष्ट उलटी होती. घाटाचं चित्र रंगवायला सगळ्यात अवघड. हजारो झाडं, धुकं, वळणावळणाला बदलणारा उजेड. अडखळायचं तर तिथं अडखळायला हवं. स्टँडात काय आहे? सपाट डांबर, पत्र्याची शेड, बाकडी. पडद्याच्या कोपऱ्यात मी एक आकडा सुरू करून ठेवला. सेकंदाला किती चित्रं बनतात, तो आकडा. घाटात साठ. स्टँडात चौदा.

पहिल्या दिवशी मी कार्ड काढून पुन्हा बसवलं, धूळ झाडली, त्याचं सॉफ्टवेअर नव्यानं टाकलं. चौदा. दुसऱ्या दिवशी दुकानातून जास्त ताकदीचा पॉवर सप्लाय नेला, कार्डाला वीज कमी पडत असेल म्हणून. तरी चौदाच. मी केबलला शिव्या घातल्या, कार्ड पाठवणाऱ्याला घातल्या, गेम बनवणाऱ्याला घातल्या. मामा प्रत्येक वेळी मान डोलवायचे आणि चहा सांगायचे.

तिसऱ्या दिवशी मी चित्राचा दर्जा पार खाली आणला. झाडं पुठ्ठ्याची दिसायला लागली, माणसांना चेहरेच उरले नाहीत.

“हे कोन?” मामांनी विचारलं.

“तीच ती टोपलीवाली बाई.”

“अरारा.”

आकडा चौदा. मग चिडून मी दर्जा एकदम वरच्या टोकाला नेला. बाईच्या लुगड्याची सुतं दिसायला लागली. आकडा चौदा.

मी हात खाली ठेवले. चित्र कमी केलं तरी तेवढंच, वाढवलं तरी तेवढंच. कार्ड किती राबतंय ते बघितलं, तर शंभरातलं पंचवीस. पाऊण वेळ ते नुसतं बसून होतं. एवढं महागडं कार्ड, समोर गर्दी उभी, आणि हे रिकामं बसलंय.

“कार्डच खराब आलंय, मामा,” मी म्हणाले. “बदलून मागवायला लागेल.”

“तर मग घाटात कसं पळतंय?”

मी कार्डाच्या खोक्यावरचा नंबर टिपायला लागले.

“दुसरं काय खराब असंल?” त्यांनी विचारलं.

“दुसरं काही नाही. बाकी सगळं मी स्वतः निवडून लावलंय.”

हे मी किती सहज बोलले होते, ते आठवलं की आजही कान गरम होतात. प्रोसेसरवर मी एक नजर टाकली होती. तो शंभरातलं अडतीस काम करत होता. म्हणजे त्याला अजून भरपूर जागा आहे, असं मानून मी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. तो मी निवडलेला होता ना.

मामींनी चहा आणला. मी कप घेऊन पडद्याकडे बघत बसले. गाडी स्टँडात उभी होती आणि गर्दी झटक्याझटक्यानं हलत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “मामा, खऱ्या गाडीत सगळ्यात जास्त वेळ कुठं जायचा? घाटात ना?”

“छ्या. घाटात कसला वेळ? घाट म्हंजे डायवरचं काम. मास्तर मागं निवांत बसतोय. वेळ जातोय स्टँडात. तितलं काम मास्तरचं. कोन चढलं, कोन उतरलं, कुणाचं पोर ऱ्हायलं, कुणाची टोपली टपावर टाकायची. आनि मी काय करायचं? इंजान चालू ठिवून बसायचं. माझ्या हातात कितीबी जोर असू दे. दोन बेल पडल्याबिगर गाडी हालत न्हाई.”

“मग तुम्ही बसून राहायचे?”

“मग? डायवर रिकामा दिसला म्हंजे त्यो बिघडला का काय?”

मी कप खाली ठेवला.

“आणि मास्तरच्या मदतीला कुणी नसतं?”

“स्टँडात माणसं काय कमी हायत? कंट्रोलर हाय, हमाल हाय, कँटीनवाला हाय. चौघं मोकळी असली म्हणून काय उपेग? बेलची दोरी एकाच्याच हातात.”

मी खुर्ची ओढून प्रोसेसरचं पान पुन्हा उघडलं. अडतीस. तो चार कोअरचा होता, म्हणजे आत काम करणारे चौघं. आणि अडतीस हा चौघांचा मिळून काढलेला आकडा होता. मी चौघांच्या रेषा वेगवेगळ्या करून बघितल्या. तीन रेषा तळाशी रांगत होत्या. चौथी वर छताला जाऊन चिकटली होती. शंभर. तिथून खाली यायचं नावच घेत नव्हती.

मला एकदम सगळं दिसलं. प्रत्येक माणूस कुठं उभा आहे, पुढचं पाऊल कुठं टाकणार, कुणाला धडकणार, हे कार्ड ठरवत नाही. ते प्रोसेसर ठरवतो आणि मग कार्डाला सांगतो, आता हे रंगव. घाटातली झाडं जागची हलत नाहीत, त्यांचं काही ठरवायचं नसतं, नुसतं रंगवायचं असतं. स्टँडात पन्नास-साठ माणसांचं ठरवायचं होतं, आणि ते काम या गेमनं चौघांतल्या एकाच्याच गळ्यात घातलं होतं. तो सात वर्षांचा म्हातारा जीव तोडून ठरवत होता. आणि कार्ड? दोन बेल कधी पडतात याची वाट बघत बसलं होतं.

खात्री करायला मी गेममधली माणसं शून्य केली. आकडा टुणकन साठावर गेला. गाडी तुपासारखी स्टँडात शिरली. शेड रिकामी, बाकडी रिकामी, चिटपाखरू नाही.

मामा जवळ येऊन बघायला लागले. “हे काय? संप हाय का?”

“माणसं काढून टाकली. आता बघा कशी चालते.”

“चालती की. पर कुणासाठी थांबायचं मग हितं?”

मी गर्दी परत आणली. मग मामांकडे वळले. 

“मामा, कार्डात खोट नाही. वायरमध्ये नाही, गेममध्येही नाही. प्रोसेसर जुना झालाय, या कार्डाला तो पुरा पडत नाही. संजीवनीनं विचारलं तेव्हा मी आधी तो बघायला पाहिजे होता. मी बघितलाच नाही, कारण तो मी लावलेला. चूक माझी आहे.”

मामा माझ्याकडे बघतच राहिले. रागानं नव्हे. एखाद्यानं नवीन काहीतरी करून दाखवावं आणि आपण ते बघावं, तसं.

“एवढं सरळ सांगून मोकळी झालीस?”

“मग काय करू? तीन दिवस नको त्याला शिव्या घालत बसले. संजीवनीलाही आत्ताच सांगते.”

मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. माझी सारी कबुली संजीवनीनं शांतपणे ऐकली.

“वृषालीताई, मग कार्ड वायाच गेलं का गं?” तिनं विचारलं.

“वाया नाही. पण प्रोसेसर बदलायचा तर आतला बोर्ड बदलायचा, मेमरी बदलायची. जुना म्हणून नुसता डबा उरेल. ते सावकाश बघू. मी उद्या माझी दुकानातली मशीन इथं आणून जोडते. ती नवी आहे. परवाची फेरी तिच्यावर होऊ दे.”

“न्हाई,” मामा मध्येच म्हणाले.

“मामा, फुकट देतेय मी.”

“फुकटचं न्हवं. एकदा मी असंच केलं हुतं. मागचं हळू चालतंय म्हणून बदलून घेतलं हुतं.”

“काय बदलून घेतलं?”

“ऱ्हाऊ दे.” त्यांनी बिल्ल्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. “हाय ह्याच्यावरच काय हुतंय ते बघ. मी हळू घालीन गाडी आत.”

मग मी आहे त्याच मशीनवर कामाला बसले. रस्त्यावरच्या लांबच्या, दिसत नसलेल्या गाड्या कमी केल्या. स्टँडातली माणसं तेवढीच ठेवली. चौदाचे तेवीस झाले. गुळगुळीत नव्हतं, पण पहिल्या गिअरमध्ये रांगत गेलं तर सांभाळण्यासारखं होतं. कार्ड रिकामंच बसत होतं, म्हणून त्याला घाटात भरपूर काम लावलं. धुकं, ओली पानं, दरीतला उजेड, सगळं वरच्या टोकाला. त्याचा प्रोसेसरला काही त्रास नव्हता. मुलीनं पाठवलेलं कार्ड घाटात तरी पुरेपूर कामाला आलं.

एक जूनला सकाळी दहाला मी बावड्यात मामांच्या घरी पोचले. बिघाड झाला तर जवळ असावी म्हणून मामांनीच बोलावलं होतं. बघते तर खोलीची एसटी झालेली. छताच्या हुकांतून सुतळी ओवून पुढं टेबलापर्यंत नेली होती आणि तिच्या टोकाला जुन्या बाजारातली पितळी घंटी. चाकाच्या मागं कंडक्टरसाठी लाकडी खुर्ची. पडद्यावर झेंडूचा हार.

हणमंत पाचंगे बारीक अंगाचे, बुटके. नवीन शर्टाची घडी अजून मोडली नव्हती. हातात पेढ्यांचा पुडा.

“वाढदिवसाच्या शुभेच्छा, काका,” मी म्हणाले. तारीख मामांनी सांगितली होती.

“कसला वाढदिवस? शाळेत घालताना गुर्जींनी लावलेला एक जून. आमच्या वर्गात सगळीच एक जूनला जन्मलेली.” ते सुतळीला हात लावून बघत हसले. “रंग्या, डोकं फिरलं का रं तुझं?”

“बस मास्तर. सव्वादहा झाले.”

हणमंतकाका बसले. टण् टण्. दोन बेल. गाडी कोल्हापूर स्टँडातून हळूहळू, अडखळत बाहेर पडली आणि रस्त्याला लागल्यावर सरळ झाली. पहिली दहा मिनिटं काका पडद्याकडे बघून नुसते “आयला, आयला” करत होते. हा धाबा, हे वळण, ही विहीर. मामा रस्त्यावर नजर ठेवून चालवत होते. बऱ्याच वर्षांनी पाठ ताठ करून बसले होते.

बांबवड्याच्या पुढं काका म्हणाले, “काल निरोप झाक झाला. डेपो सगळा आलता. घाटग्या पन आलता, हार घिऊन. मी गळा पुढं केला न्हाई.”

मामांचा हात गिअरवर थांबला.

“कोण घाटगे?” मी विचारलं.

“आमचा कंट्रोलर. ड्यूट्या त्योच लावायचा. एका गावचं आमी, एका पाटीवर लिहायला शिकलेलो.” काका पेढ्याचा पुडा मांडीवर फिरवत होते. “बारा वर्सामागं त्यानं मला ह्या गाडीवरनं काढलं आनि मुक्कामी गाडीवर टाकलं. तीन म्हैनं एक दिवसाआड कोकणात पत्र्याखाली झोपलो. कशापायी विचारलं, तर म्हनला, तक्रार हाय, नाव सांगता येत न्हाई. कुनाची तक्रार? मी कुनाचं काय घेतलं हुतं? त्यालाच कुनाला तरी बसवायचं असंल माझ्या जागी. त्यापुढं त्याच्यासंगं बोललो न्हाई. त्याच्या लेकीच्या लग्नालाबी गेलो न्हाई.”

 मलकापूर आलं.

स्टँडच्या तोंडाशी त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये घेतली. कोपऱ्यात तेवीस. चित्र थरथरायला लागलं.  टोपलीवाली बाई नेहमीच्या जागी होती. मामा एकेक वीत पुढं सरकले, थांबले, सरकले, आणि बाईला हातभर लांब ठेवून फलाटाला गाडी लावली. टण्. काकांनी एक बेल दिली.

“ही अशी थरथरतीया का गं?” त्यांनी मला विचारलं.

“आतला प्रोसेसर जुना आहे, काका. एवढ्या गर्दीचा मेळ लावताना त्याची दमछाक होते.”

“मग लावू दे की. घाई कुनाला हाय?”

दार उघडलं. माणसं एकेक करून चढायला लागली. चढलं की त्यांचं चालणं-फिरणं संपत होतं. तेवीसचे एकतीस झाले. एक्केचाळीस. शेवटी टोपलीवाली बाई चढली, दार लागलं आणि फलाट मोकळा झाला. चित्र सरळ झालं. साठ.

काकांनी सुतळी धरली.

“मास्तर, बेल मारू नको जरा,” मामा म्हणाले. ते मागं वळले नाहीत, आरशात बघतात तसे समोर बघत होते. “ती तक्रार माझी हुती.”

काका खुर्चीत पुढं वाकले.

“तू स्टँडात लई वेळ लावतोस म्हनून मी अर्ज दिला हुता. मला वेळेवर गाडी न्यायचं वेड हुतं तवा. जलद मास्तर मागितला. घाटग्याला म्हनलं, माझं नाव सांगू नको. त्यानं सांगितलं न्हाई.”

काकांची मूठ सुतळीवर तशीच होती.

“नवा मास्तर लई जलद. दुसऱ्या म्हैन्यात साखरप्याला त्यानं बेल मारली, तवा एका म्हातारीचा पाय अजून पायरीवर हुता. मी आरशात बघितलं म्हनून म्हातारी वाचली. मग मीच परत अर्ज दिला, तुला आना म्हनून. तू आलास. पर तुला सांगायला तोंड झालं न्हाई. त्यो बिल्ला हाय न्हवं भितीवर, त्यो तुझ्यामुळं हाय.” मामांचा आवाज फाटला. “परवा ह्या पोरीनं पाच मिनिटांत आपली चूक सांगितली. मी बारा वर्सं बसलो, मास्तर.”

मी पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत राहिले, दुसरीकडे बघवत नव्हतं. साठ. प्रोसेसर मोकळा, कार्ड मोकळं, फलाटावर एक माणूस नाही. आता आत कुठंच काही अडलेलं नव्हतं. तरी गाडी उभी होती.

टण्.

काकांनी एकच बेल मारली. एसटीत एक बेल म्हणजे थांब. गाडी तर थांबलेलीच होती. मामांनी चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले.

मामी चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या, दोघांकडे बघितलं आणि तशाच मागं फिरल्या.  गेमनं दोनदा पडद्यावर लिहिलं की गाडीला उशीर होतोय.

“त्यानं मला नाव सांगितलं न्हाई,” काका शेवटी म्हणाले, स्वतःशीच. “तुझ्यासाठी त्यानं माझ्या शिव्या खाल्ल्या. काल त्यो हार परत घिऊन गेला, रंग्या. हातात धरूनच गेला.”

“व्हय.”

“कुठं ऱ्हातोय आता?”

“उचगावात. लेकाकडं.”

“रत्नागिरी झाली की तिकडं जायचं. मी बोलनार न्हाई. तू बोलायचंस.”

“बोलतो.”

“आनि नवा हार तू घ्यायचास.”

“घेतो, मास्तर.”

काकांनी शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. खुर्चीत नीट बसले. मागं वळून, गाडीत सगळे चढले का ते बघतात तसं, रिकाम्या खोलीकडे एकदा बघितलं.

टण् टण्.

पुढं आंबा घाट होता. रंगरावमामांनी पहिला गिअर टाकला, आरशात बघितलं आणि गाडी स्टँडच्या बाहेर काढली.